मनाचा आजार : ओळख आणि गावपातळीवरील उपचार

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या अंकात विषय निराळा आहे. ऊसवाल्याने डॉक्टरकीत का शिरावे, असे कुणी विचारील आणि ते रास्तही आहे. आमची पदविका शेतीची आहे, नाडीपरीक्षेची नाही. पण लागणीची नोंद, खताचे वाटप, पक्वतेची तपासणी, तोडीचा कार्यक्रम अशा निमित्ताने शेतकी विभागाचा माणूस वर्षातून चार-पाच वेळा प्रत्येक सभासदाच्या बांधावर उभा राहतो. तितक्या वेळा तिथे डॉक्टर जात नाही. ऊस पाहता पाहता उसाचा मालकही दिसतो. मागच्या साली बांधावर चहा पाजल्याशिवाय न सोडणारा माणूस यंदा नुसती मान हलवतो, आणि विचारले तर म्हणतो, "काही सुचूनच नाही राहिलं साहेब." तेव्हा पुढे काय करायचे हे आमच्या लोकांनाही कळत नसे. म्हणून या विषयावर जे संशोधन झाले आहे ते आम्ही जाणत्यांकडून समजून घेतले. आपल्या भाषेत जसे सांगता येईल तसे ते येथे देत आहोत.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशात कशाने गाजले ते आपणांस सांगायला नको. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि आपल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २०१५ साली राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियानासाठी उस्मानाबादबरोबर (आताचे धाराशिव) यवतमाळची निवड केली. १९ मार्चला पुष्कळ शेतकरी एक दिवस अन्नत्याग करतात, तोही आपल्याच भागाच्या दुःखातून निघालेला परिपाठ आहे. या सगळ्यात विहीर, व्याज, बाजारभाव, नापिकी यांची चर्चा भरपूर झाली, आणि ती व्हायलाच हवी. मात्र त्या ओझ्याखाली मनाचे काय होते आणि मन आजारी पडले तर ते दुरुस्त कसे होते, ही चर्चा मागे राहिली. ती निघालीच तर कुणी तरी म्हणतो, "त्याले काय येड लागलं का?" आणि विषय तिथेच संपतो.

ऊसवाल्यांचीच एक पाहणी

प्रथम एक पाहणी सांगतो. ती उसाचीच आहे, म्हणून आपणांस चटकन पटेल. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तामिळनाडूतील ५४ गावांमधल्या ४६४ लहान ऊस उत्पादकांची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. ऊसच का निवडला, तर कारण आपल्या ओळखीचे आहे. उसाचे पैसे वर्षातून एकदाच, एकरकमी हातात येतात. शिवाय तोड कधी होणार हे शेतकरी ठरवत नाही, कारखान्याचा कार्यक्रम ठरवतो. त्यामुळे त्याच महिन्यात एकाची तोड होऊन पैसे आलेले असतात आणि शेजाऱ्याचा ऊस उभाच असतो. हवामान तेच, सणवार तेच, फरक फक्त हातातल्या पैशाचा.

त्यांनी एकाच शेतकऱ्याला तोडीपूर्वी आणि तोडीनंतर अशी दोनदा आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. या कोड्यांना लिहिता-वाचता येण्याची गरज नसते. चार आकृत्या बघून पाचवी कोणती ते ओळखायचे, असा साधारण प्रकार. तोडीपूर्वी सरासरी ४.३५ कोडी सुटली. तोडीनंतर त्याच माणसांना सरासरी ५.४५ सुटली. म्हणजे माणूस तोच, शाळा तीच, बुद्धी तीच आणि अवघ्या काही महिन्यांत पाव हिश्शाने फरक. तोडीपूर्वी शंभरातील ७८ जणांची काही ना काही चीजवस्तू गहाण होती. तोडीनंतर असे चारच उरले.

संशोधकांनी काढलेला अर्थ असा. पैशाची ओढाताण माणसाच्या डोक्यातली जागा व्यापून टाकते. विहिरीवरची मोटर एकच असली आणि तिच्यावर तीन चाऱ्या सोडल्या तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, त्यातला हा प्रकार आहे. मोटर बिघडलेली नसते, पाणी वाटले गेलेले असते. तेव्हा तंगीच्या दिवसांत एखाद्या सभासदाने चुकीच्या व्याजाने पैसे उचलले, मुदतीचा कागद विसरला, घरात उगाच खेकसला, तर त्याला बेअक्कल म्हणण्यापूर्वी थांबावे. (ऊसबिल वेळेवर पडण्याचे महत्त्वही यातून कारखानदारीतल्या सगळ्यांनीच ध्यानात घ्यावे. आम्ही कारखान्याचे नोकर असलो तरी हे लिहायला आम्हांस संकोच वाटत नाही.)

आता महत्त्वाचा मुद्दा. या पाहणीतली माणसे आजारी नव्हती. पैसे आले, डोके मोकळे झाले. म्हणजे काळजी काळजीच्या कारणाबरोबर ओसरली. आजार याहून वेगळा असतो. पैसे आले तरी माणूस उठत नाही, लेकीचे लग्न चांगले झाले तरी त्याला त्यात गोडी नसते, तेव्हा ती नुसती काळजी राहिलेली नसते. काळजीने सुरुवात झालेली असेलही, पण आता त्या दुखण्याने आपले स्वतःचे मूळ धरलेले असते. याला डॉक्टर मंडळी डिप्रेशन म्हणतात, मराठीत नैराश्य किंवा अवसाद.

नऊ प्रश्नांचे ब्रिक्स मीटर

ऊस पक्व झाला की नाही हे बांधावरून पाहून सांगता येत नाही. पाने पिवळी पडतात ती पाण्याच्या ताणानेही पडतात. म्हणून आपण हॅंड रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा रस घेऊन ब्रिक्स पाहतो आणि दोन्ही आकडे जवळ आले की तोडीला हरकत नाही म्हणतो. मनाच्या बाबतीत रसाचा थेंब काढता येत नाही. परंतु नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली आहे आणि ती जगभर वापरली जाते. डॉक्टर लोक तिला पी.एच.क्यू.-९ म्हणतात. ती १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत तयार झाली. आता मराठीतही आहे.

तिच्यात 'गेल्या दोन आठवड्यांत' काय झाले एवढेच विचारायचे असते. कामात किंवा कशातच गोडी वाटत नाही का. मन उदास, खचलेले राहते का. झोप येत नाही, मध्येच मोडते, किंवा फारच येते का. अंगात त्राण नसल्यासारखे, थकल्यासारखे होते का. भूक मेली किंवा एकदम वाढली का. आपण कुचकामी आहोत, घरच्यांना आपण खाली पाहायला लावले असे वाटते का. वर्तमानपत्र वाचताना, टी.व्ही. पाहताना लक्ष लागत नाही का. हालचाल, बोलणे इतरांना जाणवेल इतके मंदावले, किंवा उलट बसवत नाही इतकी तगमग होते का. आणि नववा प्रश्न, मेलेले बरे किंवा स्वतःला काही करून घ्यावे असे विचार येतात का.

प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात. कधीच नाही तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून जास्त दिवस तर दोन आणि जवळजवळ रोज तर तीन. सगळे मिळून सत्तावीस होतात. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली तर डॉक्टरांना दाखवावे. नवव्या प्रश्नाला 'काही दिवस' एवढे उत्तर आले तरी बेरजेची वाट पाहू नये. एक लक्षात ठेवावे की ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ब्रिक्स मीटरने रिकव्हरी ठरत नाही, ती प्रयोगशाळेत ठरते. तसेच येथेही शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

नववा प्रश्न विचारायला आपली जीभ रेटत नाही. विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल असे वाटते. या शंकेवर संशोधन झालेले आहे आणि ती भीती खरी ठरलेली नाही. शांतपणे, घाई न करता विचारले तर विचार भरत नाही. उलट पुष्कळांना कुणी तरी विचारले म्हणून हायसे वाटते.

आपल्या भागात माणूस "मी उदास आहे" असे म्हणत नाही, हेही सांगायला हवे. तो म्हणतो डोके जड झाले, जीव घाबरते, छातीत भरून येते, करमत नाही, टेन्शन आलं. बायका कंबर दुखते, हातपाय गळाले, अंगात कणकण आहे, एवढेच सांगतात आणि दवाखान्यातून ताकदीच्या गोळ्या नाहीतर सलाईन घेऊन परत येतात. नैराश्याचे प्रमाण जगभर पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळते. आपण मात्र सातबारा ज्याच्या नावावर त्याचीच चौकशी करतो. घरच्या लक्ष्मीची झोप किती महिन्यांपासून उडाली आहे हे नोंदवहीत कुठेच येत नाही.

उपचार कोण करणार?

येथे खरी अडचण होती. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत १२ राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता. शंभर प्रौढांमागे सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्यांपैकी उपचारावाचून राहिलेल्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघाले. गावोगावी मानसोपचारतज्ज्ञ नेमायचे म्हटले तर तेवढे तज्ज्ञ देशात नाहीत, आणि असले तरी ते पैनगंगेच्या काठच्या गावात येऊन बसणार नाहीत, हे आपण जाणतोच.

यावर गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने एक मार्ग तपासून पाहिला. दहावीपर्यंत शिकलेली, आरोग्याचे कोणतेही शिक्षण नसलेली साधी माणसे घेतली. तीन आठवडे वर्ग घेतले, पुढे काही महिने देखरेखीखाली काम करून घेतले आणि त्यांना सल्लागार म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग दहा केंद्रांत झाला. नैराश्य बळावलेले ४९५ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार. दुसऱ्याला तेच उपचार आणि जोडीला सल्लागाराच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातले शंभरातील ३९ जण आजाराच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्यातले ६४. हे २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आपण प्लॉट पाडून एका प्लॉटला खत देतो, दुसरा कोरा ठेवतो आणि उतारा तोलतो, तसाच हा प्रयोग असल्यामुळे आम्हांस तो भरवशाचा वाटतो.

त्या सहा-आठ भेटींत सल्लागार करतो काय? उपदेश करत नाही. "हिंमत धर, मर्दासारखा राहा" हे तर मुळीच म्हणत नाही. त्या पद्धतीची कल्पना सोपी आहे. खचलेला माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. आधी पारावर बसणे सुटते, मग भजन, मग शेतात सकाळची चक्कर, मग नातवाला शाळेत सोडणे. ज्या ज्या गोष्टीतून जिवाला थोडा ओलावा मिळत होता त्या सगळ्या बंद पडल्या की मन आणखी खचते आणि मन खचले म्हणून आणखी काही सुटते. मनावर थेट ताबा मिळवता येत नाही, पण पायावर थोडा मिळतो. म्हणून सल्लागार रुग्णाबरोबर बसून अगदी लहान काम ठरवतो. उद्या सकाळी सात वाजता उसाच्या बांधावरून एक फेरी. बास, एवढेच. ते झाले की नाही, झाल्यावर कसे वाटले हे पुढच्या भेटीत पाहायचे आणि आणखी एक काम वाढवायचे. ज्या अडचणीवर उपाय आहे तिचे तुकडे पाडून एकेक सोडवायचा. घरातल्या कुणाला तरी या कामात सोबत घ्यायचे. वाचायला हे फारच साधे वाटते. पण फेरफटका मारून ये म्हणणे निराळे, आणि ठरवून, लिहून, दर भेटीत विचारून करून घेणे निराळे. ठिबक आणि पाट दोन्हींत पाणीच असते, परंतु उतारा सारखा येत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. गोव्याचे गोव्यात, विदर्भात काय, हा प्रश्न आपण विचारणारच. त्याचे उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तेथील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम डॉ. राहुल शिधये यांच्या नेतृत्वाखाली राबवला गेला. गावातले आरोग्य कार्यकर्ते लहान लहान बैठका घेऊन आजाराविषयी बोलत आणि कुणी त्रासात दिसला की त्याला पहिला आधार देत. त्यावरच्या पायरीला प्रशिक्षित सल्लागार होता आणि ज्याला त्याने भागणार नाही त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. तिन्ही पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या.

कार्यक्रमाच्या आरंभी, २०१३ च्या डिसेंबरपासून मार्च २०१४ पर्यंत गावांची पाहणी झाली. तेव्हा नैराश्य असलेल्या शंभर माणसांतील जेमतेम चार जणांनी उपचार घेतले होते, नेमका आकडा ४.३ टक्के. दीड वर्षाने पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे प्रमाण २७.२ टक्के झाले, म्हणजे सहापट. नैराश्याचे प्रमाणही १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. वर्षभरात मरणाचे विचार आले असे सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ झाले. कपाशी तीच, कर्जही तेच, माणसेही आपल्यासारखीच वऱ्हाडी.

येथे एक सावधगिरी. विश्राममध्ये गोव्यासारखा कोरा प्लॉट नव्हता. आधी आणि नंतर अशी तुलना होती. त्या दीड वर्षातल्या पाऊसपाण्याचा वाटा त्यात किती, हे वेगळे काढता येत नाही. तरी शंभरातील चार जण दवाखान्यापर्यंत जात होते तिथे सत्तावीस जाऊ लागले, ही गोष्ट पावसाने घडत नाही.

गोळ्या, दारू, आणि कर्ज

काहींना सल्ल्यावर भागते, काहींना गोळ्या लागतात. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. युरिया टाकला की आठ दिवसांत काळोखी येते, तशी घाई इथे चालत नाही. पुष्कळ जण आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा ते नऊ महिने, किंवा डॉक्टर सांगतील तोवर, त्या घ्याव्या लागतात. झोपेच्या गोळीची जशी चटक लागते तशी यांची लागत नाही, मात्र एकदम तोडू नयेत. दुकानातून आपल्या मनाने झोपेची गोळी आणून खाणे हा उपचार नव्हे.

कुणी देवऋषाकडे, दर्ग्यावर किंवा महाराजांकडे जातो. मनाला धीर मिळत असेल तर कुणी अडवू नये. पण त्यासाठी औषध बंद करायला सांगितले, साखळीने बांधले, उपाशी ठेवले, तर तो रुग्ण तिथून त्याच दिवशी आणावा. कानात आवाज येणे, भलते संशय घेणे, स्वतःशी बोलत भटकणे, हा आजार नैराश्याहून निराळा. त्याचे नाव स्किझोफ्रेनिया. त्याला तज्ज्ञ आणि औषध दोन्ही लागतातच. तिथेही महाराष्ट्र, गोवा व तामिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला आहे. औषधाच्या जोडीला गावातला प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जात राहिला तर रुग्ण थोडा अधिक सावरतो, असे त्यात दिसले. 'थोडा' हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे.

दारूविषयी लांबण लावत नाही. उदासी घालवायला घेतलेली दारू दुसऱ्या दिवशी उदासी वाढवते, झोप मोडते आणि अविचाराला धार लावते. संगाथने दारूच्या नादी लागलेल्या ३७७ पुरुषांवरही सल्लागाराचा प्रयोग केला. शंभरातील २६ जण नेहमीच्या उपचाराने सावरले, सल्लागार असता ३६. फरक नैराश्याइतका मोठा नाही, पण आहे.

आता खरा प्रश्न. एका बैठकीत एक जुने सभासद आम्हांला म्हणाले, "साहेब, माह्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज हाय. गोळी खाऊन ते फिटते का?" नाही फिटत. बोलणे रोकठोक होते आणि त्याला बगल देता येत नाही. नैराश्याचा उपचार म्हणजे कर्जमाफी नव्हे. उसाला दर, कपाशीला भाव आणि वेळेवर बिल हे प्रश्न जिथले तिथे आहेत आणि 'तुझे डोके बिघडले' म्हणून कुणी ते प्रश्न मोडीत काढू पाहील तर त्याला आपण मान देऊ नये. पण मघाची तामिळनाडूची पाहणी आठवा. कर्जातून वाट काढायलाही डोके लागते. बँकेत जाऊन पुनर्गठन मागणे, विम्याचा अर्ज मुदतीत टाकणे, भावाशी वाटणीचे बोलणे, ही कामे आजारी मनाला डोंगराएवढी होतात. म्हणून उपचार आधी की पैसा आधी असा वाद घालू नये, दोन्ही बरोबर चालावेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा उपक्रम चालवला. गावातलेच स्वयंसेवक दुःख ऐकून घेत आणि त्याबरोबरच सरकारी योजनेचा, पेन्शनचा कागद भरायला हात देत. हे आम्हांला फार शहाणपणाचे वाटले.

फवारणीचे औषध घरात नको

हा भाग आमच्या खात्याचा, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. उसाला फवारणी कमी, पण आपल्या बहुतेक सभासदांकडे कपाशी आणि सोयाबीनही आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि अनेक दगावले. तेव्हापासून हातमोजे आणि तोंडबांधणी यांवर पुष्कळ बोलले गेले. उरलेला डबा कुठे राहतो, यावर कमी.

संशोधन असे सांगते की टोकाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि काही मिनिटांत, काही तासांत ओसरतो. त्या वेळी विष हाताशी नसेल तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आपले आयुष्य जगतात. श्रीलंकेत १९८४ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आली. १९९५ ते २०१५ या काळात तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले आणि शेतीचे उत्पादन त्यामुळे घसरल्याचे दिसले नाही. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१८ साली १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यातली काही लगेच आणि काही २०२० अखेरीस बंद झाली.

मग कुलूपबंद पेटी दिली तर? हेही तपासून झाले आहे. श्रीलंकेत १८० गावांत प्रयोग झाला, निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली निकाल आला की काही फरक पडला नाही. किल्ली घरातच असते, त्याला पेटी काय करणार. म्हणून आमचे सांगणे असे. लागेल तेवढेच औषध त्या दिवशी आणावे, पुढच्या फवारणीसाठी साठा करू नये. उरलेच तर राहत्या घरात, माळ्यावर किंवा गोठ्यात ठेवू नये. चार शेतकऱ्यांनी मिळून खरेदी केली तर उरतच नाही आणि पैसाही वाचतो. घरात कुणी महिनाभर गप्प गप्प असेल तर घरातला डबा त्याच दिवशी हलवावा, त्यासाठी त्याला विचारण्याची गरज नाही.

कुठे जावे

पहिली पायरी म्हणजे गावची आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. २०१५ नंतर राज्याच्या 'प्रेरणा प्रकल्पा'त विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत आशांनी घरोघरी अशीच विचारपूस केली, त्यात आपला जिल्हा होता. त्यामुळे हा विषय त्यांना नवा नाही. पुढची पायरी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तेथे मानसोपचार विभाग आहे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेण्याची वेळ फार थोड्यांवर येते. मनाचा दवाखाना म्हणजे नागपूर, हा समज काढून टाकावा.

घरून निघणेच होत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. रात्री-अपरात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. रुग्णाने बोलायचे नाकारले तर घरच्याने किंवा शेजाऱ्याने फोन करून काय करावे ते विचारले तरी चालते.

पोलिसांची भीती पुष्कळ घरांत उपचाराच्या आड येते. कुणी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला तर घरचे ते लपवतात आणि दवाखान्यात खोटे कारण सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते, तिला शिक्षा करायची नसते आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. तेव्हा डॉक्टरांपुढे खरे तेच सांगावे, म्हणजे खरा उपचार होईल.

आमच्या गट कार्यालयांत नऊ प्रश्नांचा मराठी कागद ठेवला आहे. ओव्हरसियर किंवा चिटबॉयकडे मागितला तर मिळेल. त्यावर नाव लिहायचे नाही, भरून कारखान्याकडे परतही द्यायचा नाही. तो घरी न्यावा आणि गरज वाटल्यास आरोग्य केंद्रात दाखवावा. उसाच्या नोंदीशी, तोडीच्या क्रमाशी किंवा बिलाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मुद्दाम नमूद करतो, कारण पहिल्याच आठवड्यात दोघा-तिघांनी तसे विचारले.

जागेअभावी खोडव्यातील पाचट आच्छादनाचा उर्वरित भाग पुढील अंकी देऊ.